थांबल्याची साक्ष : डीबगरच्या स्वयंचलित चाचणीचा इतिहास

संगणकाच्या प्रोग्रॅममधील चुका शोधण्यासाठी जो दुसरा प्रोग्रॅम वापरला जातो त्याला डीबगर म्हणतात, आणि चालता प्रोग्रॅम ठरवून दिलेल्या जागी थांबवून त्या क्षणी त्याच्या पोटात काय चालले आहे ते दाखवणे हे त्याचे सर्वांत मूलभूत काम होय. थांबण्यासाठी नेमलेल्या जागेला ब्रेकपॉइंट असे नाव आहे. प्रोग्रॅमर डीबगरवर साक्षीदारासारखा विश्वास टाकतो. ‘बाविसाव्या ओळीवर थांबलो, चलाची किंमत सहा आहे’ असे डीबगरने सांगितले, की तो पुढचा सगळा विचार त्या विधानावर उभा करतो. परंतु डीबगर हाही माणसाने लिहिलेला प्रोग्रॅमच असल्यामुळे त्यातही चुका असतात, आणि दिव्याखालचा हा अंधार दीर्घकाळ केवळ माणसाच्या नजरेने तपासला जात होता. ती नजर काढून घेऊन तिच्या जागी यंत्राची साक्ष आणण्याचा प्रयत्न प्रामुख्याने १९९० नंतरचा आहे. त्या प्रयत्नाचा इतिहास पाहताना असे दिसते, की प्रोग्रॅम थांबवण्याची युक्ती संगणकशास्त्राला फार लवकर साधली. तो खरोखर, योग्य जागी आणि योग्य कारणाने थांबला हे सिद्ध करणे मात्र पुढे कित्येक पटींनी अवघड ठरले.

ब्रेकपॉइंट हा शब्द मुळात अगदी शब्दशः घ्यावयाचा होता. फिलाडेल्फियातील मूर स्कूलमध्ये बांधल्या गेलेल्या आणि १९४६ साली जगापुढे आलेल्या एनिअ‍ॅक या यंत्रात आजच्या अर्थाने साठवलेला प्रोग्रॅम नव्हता. यंत्राचे निरनिराळे भाग तारांनी जोडून गणिताचा क्रम ठरवला जात असे. एखाद्या टप्प्यापर्यंतचे उत्तर तपासावयाचे असल्यास त्या टप्प्याकडून पुढे जाणारी नियंत्रणाची तार काढून घेत, म्हणजे क्रम तेथेच तुटे आणि यंत्र उभे राही. या कल्पनेचे श्रेय एनिअ‍ॅकच्या पहिल्या प्रोग्रॅमरांपैकी एक असलेल्या बेटी होल्बर्टन यांना दिले जाते. येथे थांबण्याबद्दल शंकेला जागाच नव्हती, कारण तार हातात असे आणि यंत्रावरचे दिवे डोळ्यांसमोर असत.

पुढच्या काही वर्षांत प्रोग्रॅम यंत्राच्या स्मृतीत जाऊन बसला आणि तार काढण्याची सोय संपली. केंब्रिजच्या एडसॅक या यंत्रावर मे १९४९ मध्ये पहिला प्रोग्रॅम चालला, आणि तेथील स्टॅन्ली गिल यांनी १९५१ साली प्रोग्रॅममधील चुकांच्या निदानावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी वर्णिलेला तपासणी-प्रोग्रॅम मूळ प्रोग्रॅममधील आदेश एकेक करून उचले, यंत्राच्या वतीने तो स्वतः पार पाडी आणि जाता जाता कोणता आदेश झाला त्याची नोंद छापून ठेवी. ही पद्धत संथ होती, तरी चुका शोधणारा प्रोग्रॅम हा चुका असलेल्या प्रोग्रॅमपेक्षा वेगळा असावा, हा विचार तिच्यात स्पष्ट दिसतो. अमेरिकेत एमआयटी येथे टीएक्स-० या यंत्रासाठी फ्लिट आणि १९६१ साली पीडीपी-१ साठी डीडीटी हे डीबगर तयार झाले. दोन्ही नावे कीटकनाशकांची आहेत, कारण चुकीला इंग्रजीत ‘बग’ म्हणजे किडा म्हणण्याची रूढी तोवर पक्की झाली होती. त्याच काळात भारतात हिवतापाच्या मोहिमेत घरोघरच्या भिंतींवर खरेखुरे डीडीटी फवारले जात होते, हा योगायोग मराठी वाचकाला गमतीचा वाटावा. या डीबगरांनी माणसाला यंत्राशी बसल्या जागी संवाद करण्याची सवय लावली. टंकयंत्रावर आज्ञा द्यावी, यंत्राने उत्तर छापावे आणि माणसाने ते वाचून पुढची आज्ञा द्यावी, हाच नमुना पुढे तीन दशके टिकला, आणि चाचणीची खरी अडचणही त्यातूनच जन्मली.

ती अडचण समजण्यासाठी आधुनिक ब्रेकपॉइंट आतून कसा चालतो ते थोडे जवळून पाहिले पाहिजे. १९७८ साली आलेल्या इंटेलच्या ८०८६ या प्रोसेसरमध्ये ‘इंट ३’ नावाचा एक आदेश आहे, ज्याची लांबी अवघी एक बाइट असून षोडशमान पद्धतीत तो ‘सीसी’ असा लिहिला जातो. डीबगर ज्या जागी थांबावयाचे तेथील मूळ आदेशाची पहिली बाइट उचलून स्वतःजवळ ठेवतो आणि तिच्या जागी ही बाइट बसवतो. प्रोसेसर तेथे पोचला की अडखळतो आणि कारभार ऑपरेटिंग सिस्टिममार्फत डीबगरच्या हाती येतो. युनिक्समध्ये एका प्रक्रियेला दुसरीवर असा ताबा देणारी ‘पीट्रेस’ ही सोय १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत आली होती. सापळ्यासारखा हा आदेश एकाच बाइटचा आहे, कारण या प्रोसेसरवर मूळ आदेशही एका बाइटचा असू शकतो आणि सापळा त्याहून लांब असता, तर त्याने शेजारच्या आदेशाचे डोके खाल्ले असते.

वर्णन इतके सोपे असले, तरी घोटाळ्याच्या जागा त्यातच दडलेल्या आहेत. सापळ्यात पाय पडल्यावर ८०८६ च्या घराण्यातील प्रोसेसर स्वतःची जागा एक बाइट पुढे दाखवतो, म्हणून डीबगरने ती एकने मागे घ्यावी लागते. इतर काही प्रोसेसर मात्र सापळ्याच्या जागीच उभे असतात, आणि तेथे एक वजा केले, तर प्रोग्रॅम आदेशाच्या मधोमध घुसून बिघडतो. पुढे जाताना मूळ बाइट परत बसवावी, एकच आदेश चालवावा, सापळा पुन्हा लावावा आणि मगच प्रोग्रॅम मोकळा सोडावा, अशी चार पावले टाकावी लागतात. यांतील एक जरी चुकले, तरी ब्रेकपॉइंट एकदा लागतो आणि दुसऱ्यांदा लागत नाही. वापरणाऱ्याने त्या जागेची स्मृती पाहावयास मागितली, तर त्याला ‘सीसी’ न दिसता मूळ बाइट दिसली पाहिजे, नाहीतर डीबगर स्वतःच लावलेला सापळा प्रोग्रॅमच्या नावावर खपवील. अनेक धागे, म्हणजे आदेशांचे स्वतंत्र प्रवाह, एकाच वेळी चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तर एका धाग्यासाठी सापळा क्षणभर उचलला असताना दुसरा धागा तेथून न थांबता निसटून जाऊ शकतो. यावर मूळ आदेशाची प्रत दुसरीकडे ठेवून ती तेथे चालवायची आणि सापळ्याला हातच लावायचा नाही, असा उपाय निघाला. जीडीबी या डीबगरच्या २००९ मधील ७.० या आवृत्तीत तो एक धागा थांबला असताना बाकीचे चालू ठेवण्याच्या पद्धतीसोबत दिसतो.

जीडीबी हा जीएनयू प्रकल्पाचा डीबगर असून रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८६ साली लिहिला. मोफत मिळणारा आणि निरनिराळ्या यंत्रांवर नेता येणारा डीबगर म्हणून तो झपाट्याने पसरला, आणि पसरल्यामुळेच त्याची तपासणी हाताबाहेर गेली. एका यंत्रावर केलेली दुरुस्ती दुसऱ्या यंत्रावरचा ब्रेकपॉइंट बिघडवी, आणि ते कळावयास त्या यंत्रावर कोणीतरी बसून आज्ञा देऊन उत्तरे वाचावी लागत. १९८९ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या सिग्नस या कंपनीचा धंदाच मुळी मोफत साधनांना पैसे घेऊन आधार देण्याचा होता. तिच्या संस्थापकांपैकी जॉन गिलमोर यांनी १९९० ते १९९३ या काळात जीडीबी सांभाळला. गिऱ्हाइकाला ‘हे चालते’ असे लिहून द्यावयाचे, तर नजरेच्या भरवशावर राहून भागत नाही, ही निकड प्रथम अशा ठिकाणी जाणवावी हे स्वाभाविकच होते. विद्यापीठीय प्रयोगशाळेत तीच चूक पुढच्या आवृत्तीवर ढकलता आली असती.

उपाय आला तो भलत्याच दिशेने. बर्कली येथील जॉन औस्टरहौट यांनी टीसीएल नावाची एक छोटी आज्ञाभाषा तयार केली होती, आणि तिच्या आधारावर अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील डॉन लीब्स यांनी १९९० साली एक्स्पेक्ट हे साधन लिहिले. एखाद्या प्रोग्रॅमला त्याच्या टर्मिनलपुढे माणूस बसला आहे असे भासवावे, त्याने अमुक मजकूर छापण्याची वाट पाहावी आणि तो आला की तमुक उत्तर टंकावे, एवढेच एक्स्पेक्टचे काम आहे. त्यासाठी ते खोट्या टर्मिनलचा, म्हणजे युनिक्समधील ‘पीटीवाय’ या जोडीचा उपयोग करते, ज्याच्या एका टोकाला डीबगर असतो आणि दुसऱ्या टोकाला माणसाच्या जागी लिपी, म्हणजे आधी लिहून ठेवलेल्या आज्ञांची मालिका (स्क्रिप्ट). सिग्नसमध्ये जूलिया मेनापेस यांनी जीडीबीसाठी आधी एक चाचणी-चौकट लिहिली होती आणि डेजाग्नू हे नावही त्यांचेच होते. रॉब सव्हॉय यांनी एक्स्पेक्टवर उभारलेल्या नव्या चौकटीला तेच नाव चिकटले. पूर्वी अनुभवल्याचा भास या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरची ही कोटी चाचणीच्या धंद्याला शोभणारी आहे, कारण तेच ते पुन्हा पुन्हा करून पाहणे हेच त्या धंद्याचे स्वरूप आहे.

जीडीबीच्या चाचण्यांपैकी ब्रेकपॉइंटची मूळ चाचणी जवळून पाहण्यासारखी आहे. तिच्यासोबत सी भाषेतील एक लहानसा प्रोग्रॅम येतो, जो सहाचा क्रमगुणाकार, म्हणजे सहा ते एक या संख्यांचा गुणाकार, स्वतःलाच पुन्हा पुन्हा हाक मारणाऱ्या फंक्शनने काढतो. चाचणीची लिपी त्या फंक्शनवर ब्रेकपॉइंट लावते, प्रोग्रॅम सोडते आणि डीबगरच्या तोंडून ‘ब्रेकपॉइंट’ हा शब्द, फंक्शनचे नाव, कंसात ‘व्हॅल्यू बरोबर सहा’, फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांक अशा क्रमाने मजकूर येण्याची वाट पाहते. मग ‘कंटिन्यू’ म्हणून पाच, चार, तीन असे एकापर्यंत तेच पुन्हा तपासते. कंसातल्या सहाला येथे बरेच महत्त्व आहे. प्रत्येक फंक्शनच्या आरंभी कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅमचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, काही तयारीचे आदेश घालतो, ज्यांना जाणकार ‘प्रोलॉग’ म्हणतात, आणि ते चालून झाल्याखेरीज बाहेरून आलेली किंमत आपल्या जागी पोचलेली असेलच असे नसते. म्हणून डीबगर ब्रेकपॉइंट फंक्शनच्या अगदी पहिल्या आदेशावर न लावता प्रोलॉग ओलांडून लावतो. तो हिशेब चुकला, तर प्रोग्रॅम थांबेल खरा, पण कंसात कचरा दिसेल. तेव्हा एका आकड्याच्या तपासणीतून थांबण्याची जागा, किंमत वाचण्याची रीत आणि पुनरावृत्तीचा हिशेब या तीनही गोष्टी पारखल्या जातात, आणि इतक्या थोड्या सामग्रीत इतके साधणारी चाचणी लिहिणाऱ्याचे कौतुक केले पाहिजे.

माणसाचे सोंग घेतलेल्या यंत्राला माणसाच्या सवयींचाही त्रास होतो. मजकूर लांबला की जीडीबी पडदा भरल्यावर थांबून पुढे जाण्यासाठी एंटर दाबण्याची विनंती करतो, म्हणून प्रत्येक चाचणीच्या आरंभी पडद्याची उंची आणि रुंदी शून्य, म्हणजे अमर्याद, करून ठेवावी लागते. सगळे ब्रेकपॉइंट पुसण्याची आज्ञा दिली, तर ‘खरेच पुसू का’ असा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर न दिल्यास लिपी प्रॉम्प्टची, म्हणजे पुढची आज्ञा मागणाऱ्या खुणेची, वाट पाहत बसून राहते. वाट पाहण्याला मुदत घातलेली असते आणि ती उलटली की चाचणी नापास ठरते. परंतु डीबगर अडकला होता, यंत्र संथ होते की अपेक्षित मजकुराचा नमुनाच चुकला होता, हे केवळ मुदत उलटल्यावरून कळत नाही. एखाद्या ठिकाणी प्रोग्रॅमने थांबू नये हे सिद्ध करणे त्याहून नाजूक असते, आणि तेथे प्रोग्रॅम नीट संपल्याचे वाक्य येईपर्यंत वाट पाहणे हाच मार्ग उरतो.

नमुना जुळवण्यातील एक दोष तर वर्षानुवर्षे लपून राहू शकतो. डीबगरचा मजकूर लिपीकडे एकदम येतो की तुकड्यातुकड्यांनी, हे यंत्रावरच्या भारानुसार बदलते. ढिसाळ नमुना अर्ध्याच मजकुरावर जुळला, तर उरलेला अर्धा पुढच्या आज्ञेच्या उत्तरात मिसळतो आणि निर्दोष डीबगर नापास होतो. अशा कधी पास कधी नापास होणाऱ्या चाचण्या हुडकण्यासाठी जीडीबीच्या मंडळींनी एक खोडकर उपाय योजला, ज्यात एक्स्पेक्टला टर्मिनलमधून प्रत्येक वेळी एकच अक्षर वाचावयास भाग पाडले जाते. भाताचे शीत चाचपून पाहावे तसा हा प्रकार नाही. येथे साऱ्या भाताचे एकेक शीत मोजले जाते, आणि ज्या चाचणीचा नमुना सैल आहे ती हमखास उघडी पडते. डीबगरची परीक्षा घेणाऱ्या लिपीची ही स्वतंत्र परीक्षा होय.

निकाल नोंदवण्याची पद्धतही हळूहळू बारीक होत गेली. पास आणि नापास या दोन शब्दांनी भागेना, कारण काही अपयशे डीबगरची नसून कंपायलरची किंवा ऑपरेटिंग सिस्टिमची असत आणि काही डीबगरचीच, पण आधीपासून ठाऊक असलेली असत. म्हणून परिस्थितीमुळे अपेक्षित असलेले अपयश आणि नोंद झालेल्या चुकीमुळे येणारे अपयश यांना निरनिराळ्या संज्ञा मिळाल्या. त्यांखेरीज चाचणी झालीच नाही, निर्णय लागला नाही, ही सोय येथे नाही, असे शेरेही ठरले. बदल सुचवणाऱ्याने बदलापूर्वीची आणि नंतरची निकालपत्रे ताडून नवे अपयश उद्भवले नसल्याचे दाखवून द्यावे, असा शिरस्ता पडला. हजारो चाचण्यांच्या यादीत शून्य अपयशांची अपेक्षा येथे कोणी धरत नाही. कालच्यापेक्षा आज वाईट नसावे, एवढीच अपेक्षा असते, आणि ती व्यवहारी आहे.

डेजाग्नूचे दुसरे बलस्थान असे, की डीबगर एका यंत्रावर आणि थांबवायचा प्रोग्रॅम दुसऱ्या यंत्रावर, अशी मांडणी त्यात आरंभापासून गृहीत होती. वाहनांत किंवा घरगुती उपकरणांत बसणाऱ्या लहान प्रोसेसरांसाठी हे अत्यावश्यक असते, कारण त्यांच्यावर डीबगर चालण्याइतकी जागा नसते. असा प्रोसेसर बसवलेली प्रत्यक्ष पाटी (बोर्ड) हाताशी नसल्यास तिची नक्कल करणारा सिम्युलेटरही चालतो. महाराष्ट्राचा या इतिहासाशी खरा संबंध येथे येतो. पुण्याच्या केपीआयटी कमिन्स या कंपनीने रेनेसासच्या एसएच आणि एच८ या प्रोसेसर-घराण्यांसाठी जीएनयूची साधने बांधून मोफत वाटली, आणि सीआर१६ या प्रोसेसरचा आधार जीडीबीत आणण्याचे कामही तेथील अभियंत्यांनी केले.

लिपी डीबगरचे छापील वाक्य तपासते, याचा एक अनपेक्षित परिणाम झाला : वाक्यच गोठले. थांबल्याची सूचना अधिक सुबोध करावी असे कोणाला वाटले, तरी एक शब्द हलवला की शेकडो चाचण्या कोसळण्याची भीती असे, आणि माणसाच्या सोयीसाठी लिहिलेली वाक्ये यंत्राच्या सोयीसाठी जशीच्या तशी जपली जाऊ लागली. २००० साली आलेल्या जीडीबी ५.० मध्ये यंत्रांसाठी वेगळी भाषा अवतरली, जिच्यात थांबण्याची बातमी कारणासह येते : ब्रेकपॉइंट लागला, पाऊल पूर्ण झाले किंवा प्रोग्रॅम नीट संपला. ती मुख्यतः चित्रमय संपादकांसाठी होती, तरी तिच्या चाचण्यांमध्ये ‘का थांबला’ हा प्रश्न वाक्यरचनेपासून प्रथमच मोकळा झाला.

अ‍ॅपलने घडवलेला आणि २०१० साली खुला झालेला एलएलडीबी हा डीबगर आणखी पुढे गेला. तो मुळात एक ग्रंथालय, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमने थेट वापरावयाचा संच, म्हणून लिहिला गेला असल्यामुळे पायथन भाषेतील चाचणी खोट्या टर्मिनलची उठाठेव न करता धाग्यालाच त्याच्या थांबण्याचे कारण विचारते आणि उत्तरादाखल तिला वाक्याऐवजी ठराविक मूल्य मिळते. त्याच्या चाचण्यांपैकी एक लागोपाठच्या दोन आदेशांवर दोन ब्रेकपॉइंट लावते : पहिल्यावर थांबून एक पाऊल टाकले, की डीबगरने दुसऱ्यावर थांबण्याचे कारण पाऊल पूर्ण झाल्याचे सांगावे की ब्रेकपॉइंट लागल्याचे, हा पेच तिच्यात आहे, आणि वर सांगितलेली चार पावले टाकताना दुसरा सापळा चुकून गिळला गेला, तर ते तेथे उघड होते. तरीही माणसाला पडद्यावर जे दिसते ते तपासावयाचे असेल, तेव्हा एलएलडीबीच्या चाचण्याही एक्स्पेक्टच्या पायथनमधील अवताराकडे, म्हणजे पी-एक्स्पेक्टकडे वळतात.

अलीकडच्या काळात प्रश्न डीबगरकडून कंपायलरकडे सरकला आहे. प्रोग्रॅम वेगवान करण्यासाठी कंपायलर ओळी पुढेमागे करतो, काही गाळतो, एक फंक्शन अनेक जागी मुरवतो. अशा वेळी ‘बाविसाव्या ओळीवर थांब’ या आज्ञेला यंत्राच्या भाषेत एकच जागा उरत नाही. सोनीच्या अभियंत्यांचे डेक्स्टर हे साधन २०१९ मध्ये एलएलव्हीएम या कंपायलर-प्रकल्पात दाखल झाले. ते डीबगरला प्रोग्रॅमातून पावलोपावली चालवते आणि दिसलेल्या ओळी व किमती अपेक्षेशी ताडून गुण देते. त्याच सुमारास, २०१८ आणि २०१९ साली, ब्राउझरांतील जावास्क्रिप्टच्या डीबगरांना आपोआप रचलेल्या आज्ञा देऊन दोन डीबगरांची उत्तरे एकमेकांशी, किंवा एकाच डीबगरची उत्तरे किंचित बदललेल्या परिस्थितीत स्वतःशीच, ताडून पाहण्याचे संशोधन प्रसिद्ध झाले, ज्यात अपेक्षित उत्तर आधी हाताने लिहून ठेवण्याची गरज राहत नाही.

कोणत्या ओळीवर थांबणे खरे, या वादाची चाहूल मात्र क्रमगुणाकाराच्या त्या जुन्या चाचणीतच लागते. तिच्यातील एका छोट्या फंक्शनचा आरंभ निरनिराळे कंपायलर निरनिराळ्या ओळींवर नोंदवतात, म्हणून ब्रेकपॉइंटांची यादी तपासणाऱ्या नमुन्यात दोन ओळींचे क्रमांक लिहिलेले असून त्यांच्यामध्ये ‘किंवा’ या अर्थाची एक उभी रेघ ओढलेली आहे.